राऊटर टेबल विकत घ्यायचं, बांधायचं, की दोन्ही थोडं थोडं?

राऊटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने (पात्याने) लाकडात खाच आणि नक्षीदार कड मारणारं हातयंत्र. ते उलटं टांगून वर लाकूड सरकवायचं, ते राऊटर टेबल. या टेबलाच्या बाबतीत गोंधळ बहुधा एकाच कारणाने होतो. आधी टेबल येतं आणि मग राऊटरचा विचार सुरू होतो. तेव्हा कळतं की तळाची भोकं जुळत नाहीत, बिट पुरेसं वर येत नाही, आणि मुठी आडव्या येत असल्याने मशीन टेबलाच्या खिडकीतून (फळीतल्या मोठ्या भोकातून) उतरतच नाही. त्यातून ते टेबल साध्या एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचं) असलं तर श्रावणापर्यंत त्याच्या कडा पोळीसारख्या फुगतात.

म्हणून इथे क्रम उलटा लावला आहे: आधी काम, मग राऊटर, मग जागा-हवा-वीज आणि सगळ्यात शेवटी टेबल. भाव दिलेले नाहीत. रत्नागिरीत एक, कुडाळात दुसरा आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर तिसरा अशी त्यांची गत असते. मापं आणि प्रमाणं दिली आहेत, भाव तुम्ही लावा.

## टप्पा १: कामांची यादी करा

गेल्या सहा महिन्यांत केलेली आणि पुढच्या सहा महिन्यांत येणारी कामं दोन रकान्यांत लिहा.

पहिल्या रकान्यात टेबलावरच नीट होणारी कामं: अरुंद मोल्डिंग पट्ट्या, फोटोफ्रेम, कपाटाच्या शटरची चौकट आणि तिच्यातली खाच, तक्तपोशीच्या फळ्यांची जीभ-खाच, साच्यावरून काढायच्या देव्हाऱ्याच्या कमानी, लहान खेळण्यांचे भाग.

दुसऱ्या रकान्यात हातात मशीन धरून होणारी कामं: दाराच्या बिजागरीची खाच, कुलपाचं घर, सनमायकाची कड, जेवणाच्या टेबलाची गोलाई, जिन्याच्या पायऱ्यांच्या खाचा.

फरक साधा आहे. जिन्नस मशीनपेक्षा हलका असेल तर जिन्नस फिरवायचा, जड असेल तर मशीन. फणसाचं अख्खं दार टेबलावर चढवून कड मारणारे लोक आहेत. दार डुलतं, कड लाटेसारखी येते आणि दोष टेबलाला दिला जातो.

तपासणी: पहिल्या रकान्यातलं काम महिन्यातून एकदाही येत नसेल, तर टप्पा ४ मधली पहिली वाट तुमची. बाकीचं वाचलं नाही तरी टप्पा ७ वाचा.

## टप्पा २: हातातला राऊटर उलटा टांगण्याजोगा आहे का?

राऊटर अजून घेतलेला नसेल तर उत्तम. टेबलाच्या हिशेबाने घ्या. घेतलेला असेल तर पाच गोष्टी बघा.

दांडा आणि कॉलेट (बिटचा दांडा आवळून धरणारी पकड). बाजारात ६ मिमी आणि दोन सुती (पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी) बिटं शेजारी शेजारी टांगलेली असतात. तसंच १२ मिमी आणि चार सुती (१२.७ मिमी) यांचं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ६ मिमीचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये कितीही आवळलं तरी कापता कापता सरकतं. टेबलावर ते वरच्या अंगाला, म्हणजे तुमच्या बोटांच्या बाजूला चढतं. कॉलेटवरचं माप वाचा, बिटचा दांडा व्हर्नियरने मोजा आणि मगच जोडी लावा. मोठ्या बिटांची कामं असतील तर १२ मिमी किंवा चार सुती कॉलेटचाच राऊटर हवा.

ताकद. खाचा आणि लहान मोल्डिंग यांना १२०० ते १३०० वॉट पुरतात. शटरच्या चौकटीची जोडबिटं आणि उंचवट्याच्या पॅनेलची मोठी बिटं लावायची तर १६०० वॉटच्या वरच राहा.

वेग कमी होतो का? हा मुद्दा लोक सर्रास विसरतात. ८० मिमी व्यासाचं बिट २२,००० फेऱ्यांवर फिरवलं तर त्याची धार सेकंदाला ९२ मीटर धावते. तेच १०,००० फेऱ्यांवर आणलं की ४२ मीटर. एकाच वेगावर पळणाऱ्या राऊटरवर असलं बिट लावायचंच नाही, मग टेबल कितीही महागाचं असो.

स्विच अडकून राहतो का? बोट दाबून धरल्याशिवाय न चालणारं मशीन टेबलाखाली निरुपयोगी. स्विचला दोरी किंवा टेप गुंडाळून तो दाबून ठेवण्याचा उद्योग करू नका.

पोहोच. हा हिशेब पट्टी घेऊनच करा. राऊटरचा तळाचा प्लास्टिक तवा काढा, मशीन पूर्ण खाली दाबा आणि तळाच्या पातळीपासून कॉलेटच्या नटापर्यंतचं अंतर मोजा. समजा २० मिमी आलं. टेबलाची प्लेट (जिला राऊटर खालून टांगतात ती पाटी) १० मिमी जाडीची, म्हणजे नट टेबलाच्या पातळीखाली ३० मिमी राहिला. तुमचं बिट एकूण ६० मिमी लांब आणि त्यातलं २० मिमी कॉलेटमध्ये गेलं, तर बाहेर ४० उरलं. त्यातले ३० टेबलाखालीच संपले. लाकडाला मिळाले फक्त १० मिमी. एवढ्यात गोल कड होईल, ३० मिमी जाड पट्टीची मोल्डिंग होणार नाही.

इशारा: पोहोच कमी पडते म्हणून बिट कॉलेटमधून बाहेर ओढून चिमटीभर पकडीवर चालवू नका. दांडा पूर्ण आत घाला, मग २ ते ३ मिमी मागे घ्या आणि आवळा. लांब बिट आणा किंवा पातळ पण ताठ प्लेट वापरा.

ट्रिमर (एका हातात मावणारा लहान राऊटर) असेल तर गणित वेगळं. ५०० ते ७०० वॉटचा आणि मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेऱ्या घेणारा ट्रिमर लहान बिटांसाठी बनलेला असतो. त्याला मोठं टेबल देणं म्हणजे होडीला गलबताचं शीड लावणं.

## टप्पा ३: जागा, हवा आणि वीज

जागा. टेबल दोन फुटांचं असलं तरी काम दोन फुटांत होत नाही. सहा फुटी पट्टीला बिटच्या उजवीकडे सहा आणि डावीकडे सहा फूट मोकळे लागतात. पडवीत भिंतीला लावलेलं टेबल म्हणूनच फसतं. मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) दाराच्या रेषेत टेबल ठेवलं तर लांब पट्टी दारातून बाहेर जाऊ शकते. सारवलेल्या किंवा जांभ्याच्या जमिनीवर पाय एकसारखे टेकत नाहीत, त्यामुळे पायाखाली फिरवून उंची बदलता येणारे बोल्ट हवेतच.

हवा. किनारपट्टीवर निर्णय इथेच फिरतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना लाकूड साधारण १२ टक्के ओलावा धरून स्थिरावतं. ती ९० टक्क्यांवर गेली की हाच ओलावा २० टक्क्यांच्या आसपास जातो. जुलैत दारं चौकटीत अडकतात ती याचमुळे. टेबलाची फळीही लाकडाचीच. एका बाजूला सनमायका आणि दुसरी उघडी असेल तर उघडी बाजू पाणी पिते आणि फळी वाकते. साधा एमडीएफ कडेने आणि स्क्रूच्या भोकांतून फुगतो आणि उन्हाळ्यात परत बसत नाही. बिडाचं टेबल सपाटीला उत्तम, पण समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत त्याला दर आठवड्याला पुसायचं व्रत घ्यावं लागतं.

वीज. १८०० वॉटचा राऊटर २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर ओढतो, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट आणि चालू अर्थिंग हवंच. जोडवायर २.५ चौरस मिमीची घ्या आणि १५ मीटरच्या आत ठेवा. गुंडाळलेल्या रीळवरून मशीन चालवू नका, वायर तापते. व्होल्टेज १८०-१९० वर घसरलं की मोटरची ताकद जाते. लाकूड जळायला लागतं, आपण आणखी जोर लावतो आणि मोटर तापते. अशा वेळी काम थांबवणं स्वस्त पडतं.

लाईट जाऊन परत येते तेव्हाचा धोका वेगळाच. राऊटर बंद पडला, तुम्ही वाकून बिट बघायला गेलात आणि त्याच क्षणी वीज आली. म्हणून टेबलाला नो-व्होल्ट स्विच लावायचाच. विहिरीवरच्या पंपाचा साधा स्टार्टर जसा वीज गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही, तसाच हा चालतो. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) असावा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून काम होतं, हे विसरू नका.

## टप्पा ४: चार वाटा

पहिली वाट, नुसती फळी. ट्रिमर असेल किंवा काम क्वचित येत असेल तर ६०० बाय ४०० मिमीचा १२ मिमी प्लाय घ्या. मधोमध बिटपुरतं भोक पाडा, ट्रिमर खालून स्क्रूने बसवा आणि फळी दोन घोड्यांवर (लाकडी स्टँडवर) क्लॅम्पने आवळा. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायचा आधार) म्हणून एक सरळ पट्टी, दोन क्लॅम्पनी धरलेली. एका दुपारचं काम आहे, आणि बऱ्याच लोकांची गरज इथेच संपते.

दुसरी वाट, तयार टेबल. कामं रोजची असतील, बांधायला वेळ नसेल आणि टेबल डोळ्यांनी बघून घेता येत असेल, तर घ्या. बघायला जाताना दोन फुटी सरळ पट्टी, गुण्या, लोहचुंबक आणि झेरॉक्सचे चार कागद घेऊन जा. असा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो.

पट्टी टेबलावर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. पट्टीखाली मध्ये तीन कागद सरकत असतील, म्हणजे ०.३ मिमीचा खोलगटपणा असेल, तर नको म्हणा. किंचित उंचवटा एक वेळ चालतो, कारण लाकूड बिटजवळ टेकलेलं राहतं. खोलगट टेबलावर सांध्याची खोली टोकाला एक आणि मध्ये दुसरी येते. फेन्सचे दोन भाग एका रेषेत आहेत का ते त्याच पट्टीने बघा. स्क्रूंना चुंबक लावा. जोरात चिकटला तर ते साधं लोखंड आहे, दोन पावसाळ्यांत गंजेल. खालच्या बाजूला हात फिरवा. उघडा, खरखरीत एमडीएफ हाताला लागला तर पुढचं बोलणंच नको. प्लेटला तुमच्या राऊटरची भोकं आहेत का, आणि बिटभोवतीच्या कड्या सुट्या मिळतात का, हे विचारा. मागवलेलं टेबल घाट उतरून येतं. कोपरा ठेचला तर परत पाठवणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसतं.

तिसरी वाट, प्लेट विकत आणि बाकी घरचं. सपाटी, मोजकी भोकं आणि बदलत्या कड्या ही यंत्रावर होणारी कामं आहेत, ती विकत घ्यावीत. फळी, फेन्स आणि घोडा ही सुताराची कामं आहेत, ती विकत घेण्यात अर्थ नाही. किनारपट्टीवर तर फळी आपल्या हातची असणं जास्त महत्त्वाचं, कारण तिच्या सगळ्या कडा बंद केल्याची खात्री आपल्यालाच असते. बहुतेकांनी हीच वाट धरावी असं स्पष्ट मत आहे.

चौथी वाट, सगळं घरचं. प्लेटसाठी १० मिमी ॲल्युमिनियम किंवा १० ते १२ मिमी हायलमची (राळेत दाबलेल्या थरांची कडक) शीट वापरा. हायलम इलेक्ट्रिकल इन्सुलेशनच्या दुकानात तुकड्याने मिळते, गंजत नाही आणि ओलाव्याला दाद देत नाही. ॲक्रिलिक दिसायला छान, पण चार-पाच किलोचा राऊटर सतत टांगून राहिला की मध्ये झोळ येतो.

## टप्पा ५: माल

वरची फळी ८०० बाय ६०० मिमी, दोन थरांची. ८ बाय ४ फुटांच्या शीटचा अर्धा भाग, म्हणजे ४ बाय ४ फूट पुरतो. त्यातून ८०० बाय ६०० चे दोन तुकडे निघतात आणि सव्वाचारशे मिमीच्या आतली एक पट्टी उरते, ती फेन्सला.

- १८ किंवा १९ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० छापाचा. आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय इथे नको.
- १ मिमी सनमायका, दोन्ही बाजूंना, एकाच जाडीची.
- कडांना सागाची किंवा शिवणची १२ मिमी पट्टी, साधारण ३ मीटर.
- पाण्याला टिकणारा गोंद, फेव्हिकॉल मरीन किंवा त्या जातीचा.
- प्लेट, साधारण ३०० बाय २३० मिमी.
- प्लेट समपातळीला आणायला बिनडोक्याचे ६ मिमी स्क्रू, ६ नग. त्यांच्या टोकाखाली स्टीलचे वायसर ६.
- राऊटर प्लेटला धरायला काउंटर डोक्याचे स्क्रू, तुमच्या राऊटरच्या आट्यांचे.
- फेन्ससाठी ८ मिमी बोल्ट २ आणि हाताने फिरवायचे नॉब २.
- भुसा ओढायला ६३ मिमी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. बागेच्या पाण्याचा उरलेला चालतो.
- नो-व्होल्ट स्विच आणि त्याचा बंद डबा.

सगळे स्क्रू-बोल्ट स्टेनलेस ३०४ चे घ्या. पितळही चालेल.

## टप्पा ६: बांधणीचा क्रम

६.१ फळी जोडणं. प्लाय निदान आठवडाभर कामाच्याच जागी आडवा ठेवा. दोन्ही तुकड्यांचा बाक बघा आणि फुगीर बाजू एकमेकींकडे करून जोडा, म्हणजे बाक एकमेकांना मारतो. गोंद दोन्ही तुकड्यांना लावा, मधून कडेकडे पसरा आणि सपाट जागी ठेवून दाबा. सपाट जागा म्हणजे पट्टी लावून तपासलेली. वाकड्या बाकावर जोडलेली फळी कायमची त्या बाकाच्या आकाराची होते. उन्हाळ्यात २४ तास, पावसात ४८ तास हात लावू नका.

६.२ कडा आणि सनमायका. आधी कडेच्या पट्ट्या, त्या फळीबरोबर घासून घ्या, मग दोन्ही बाजूंना सनमायका. खालच्या बाजूची सनमायका वाचवणं ही या सगळ्या कामातली सर्वात महागडी बचत.

६.३ प्लेटची खाच. बिटचं केंद्र पुढच्या कडेपासून २५० मिमीवर ठेवा, बरोबर मध्यावर नको. मागे फेन्सला जागा मिळते आणि पुढे वाकावं लागत नाही.

प्लेट फळीवर ठेवा आणि तिच्या चारही बाजूंना घट्ट टेकून १२ मिमीच्या सरळ पट्ट्या दुहेरी टेपने चिकटवा. एका बाजूला कागदाची घडी घाला, नाहीतर प्लेट नंतर बसेल पण निघणार नाही. प्लेट उचला आणि दांड्यावर बेअरिंग असलेल्या १९ मिमी बिटने पट्ट्यांना लागून खाच मारा, प्रत्येक वेळी ३ मिमी. प्लेट १० मिमीची असेल तर खाच ११ मिमी खोल. वरचा एक मिमी स्क्रूंनी उचलून जुळवायचा आहे. १९ मिमी बिटने कोपऱ्यांना साडेनऊ मिमीची गोलाई येते, म्हणून घरच्या प्लेटचे कोपरेही तेवढेच गोल घासा.

खाच झाल्यावर मधली खिडकी जिगसॉने कापा. आधी खिडकी कापली तर राऊटरला टेकायला जागाच उरत नाही. ही उलटापालट फार जण करतात. चारही बाजूंना १५ मिमीचा ओठ राखला की खिडकी २७० बाय २०० मिमी होते.

तपासणी: कापण्याआधी राऊटरची रुंदी मुठींसकट मोजा. प्लेटला लागलेला राऊटर वरून खिडकीत उतरायला हवा. मुठी अडत असतील तर तिरपा उतरतो का बघा, किंवा मुठी काढता येतात का. ओठ १२ मिमीच्या खाली नेऊ नका.

कापलेल्या उघड्या कडांना पातळ केलेल्या पॉलिशचे किंवा एपॉक्सीचे दोन हात द्या. प्लायमध्ये पाणी इथूनच शिरतं.

६.४ प्लेटला राऊटर. राऊटरचा काढलेला प्लास्टिक तवा हाच साचा. तो प्लेटवर दुहेरी टेपने चिकटवा आणि भोकं उतरवून घ्या. मूळ स्क्रू आता आखूड पडतील, त्याच आट्यांचे लांब स्क्रू आणा. नको तितके लांब आणले तर ते आत जाऊन सरकत्या भागाला टेकतात आणि मशीन वर-खाली अडकतं. हाताने पूर्ण फिरवून बघा, मगच आवळा. डोकी प्लेटच्या पातळीखाली केसभर बुडालेली हवीत.

६.५ समपातळी. प्लेट खाचेत ठेवा आणि सहाही स्क्रू वायसरवर टेकवा. सरळ पट्टी अर्धी प्लेटवर, अर्धी टेबलावर धरा. पाव पाव फेरीने जुळवत जा. डोळ्यांवर विसंबू नका, पट्टीवर नख ओढत न्या. सांध्यावर नख अडलं की तिथे लाकूडही अडणार. प्लेट लाकूड येतं त्या, म्हणजे उजव्या अंगाला अर्ध्या कागदाने खाली राहिली तर चालेल, वर नको. येणारं लाकूड ठेचकाळतं.

६.६ फेन्स. ८०० बाय १२० ची बैठक, ८०० बाय १०० ची उभी फळी आणि मागे चार त्रिकोणी टेके. उभी फळी मध्ये तोडून दोन तुकड्यांत ठेवा, म्हणजे बिटप्रमाणे फट कमी-जास्त करता येते.

फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असावी म्हणून लोक दोन्ही टोकांना रूळ, मोजपट्ट्या, स्केल लावत बसतात. गरज नाही. बिट गोल आहे. फेन्स कोणत्याही कोनात असली तरी बिटपासूनचं अंतर एकच राहतं. एक टोक बोल्टवर अडकवा आणि दुसरं सरकवा. टोक २ मिमी सरकलं की मधलं बिट साधारण १ मिमी फरक दाखवतं, म्हणजे बारीक जुळणी फुकटात मिळाली. फेन्सला दोनच गोष्टी हव्यात: ती सरळ असावी आणि टेबलाशी गुण्यात असावी.

आडव्या तुकड्यांसाठी टेबलात ॲल्युमिनियमची खाच बसवण्याचीही घाई करू नका. ती बसवली की फेन्स तिच्याशी दर वेळी समांतर लावावी लागते. त्याऐवजी गुण्यात कापलेला प्लायचा वीतभर चौकोन फेन्सला टेकवून मागून ढकला. लाकडाच्या टोकाला तुकडे उडणंही तो थांबवतो.

६.७ घोडा आणि डबा. उंची ८५० ते ९०० मिमी. खालचा डबा पूर्ण बंद करू नका, राऊटरला थंड हवा लागते. उलट्या टांगलेल्या मोटरमध्ये भुसा वरून पडतो, म्हणून दर कामानंतर ब्लोअर मारा.

## टप्पा ७: पहिलं कापणं

१. प्लग काढा. बिट बदलताना स्विच बंद असणं पुरेसं नाही.

२. बिट बसवा आणि हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. प्लेटच्या कडीला किंवा फेन्सला घासत नाही ना, बघा.

३. वेग लावा. २५ मिमी व्यासापर्यंत २२,००० च्या आसपास, ५० मिमीपर्यंत १६,००० ते १८,०००, ५० मिमीच्या पुढे १०,००० ते १२,०००. बिटवर कमाल वेग छापला असेल तर तो शेवटचा शब्द.

४. बाजूला उभं राहून अर्धा मिनिट रिकामं चालवा. टेबल थरथरलं तर बंद करा. बिट वाकडं आहे, कॉलेट घाण आहे किंवा पाय टेकलेले नाहीत.

५. रद्दी तुकड्यावर ३ मिमी खोलीचा पहिला हात मारा. समोर उभं राहिल्यावर फेन्स पलीकडे आणि लाकूड उजवीकडून डावीकडे. चौकटीच्या आतल्या कडेला, बिटच्या पलीकडची बाजू कापताना मात्र दिशा उलटी होते.

इशारा: लाकूड बिट आणि फेन्स यांच्या मध्ये कधीही घालू नका. पट्टी अरुंद करायची म्हणून फेन्स मागे सरकवून लाकूड मधून ओढायचा मोह होतो. तिथे बिट लाकडाला त्याच्याच दिशेने खेचतं, पट्टी हातातून सुटून बाणासारखी जाते आणि ढकलणारा हात सरळ बिटवर येतो. कापायची कड नेहमी फेन्सला टेकलेली.

इशारा: ३०० मिमीपेक्षा आखूड तुकडा बोटांनी ढकलू नका. लांब पट्टीवर आकार मारा आणि नंतर तुकडे कापा. वळणदार तुकड्यासाठी प्लेटवर खुंटी हवी. लाकूड आधी खुंटीला टेकवा, मग बेअरिंगवर न्या.

लाकडाचाही विचार हवा. सागातल्या वाळूसारख्या कणांनी धार लवकर जाते, माडाच्या लाकडाने त्याहून लवकर. कार्बाइडची धार सोडून दुसरं घेऊ नका. फणस आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचे रेषे उलटसुलट असतात, शेवटचा हात अर्धा मिमीचाच ठेवा, नाहीतर चिरफाळ्या निघतात. लाकूड काळं पडत असेल तर बिट बोथट झालंय किंवा तुम्ही फार हळू चालला आहात. बहुतेक वेळा दुसरंच.

## टप्पा ८: मृगाच्या आधी

मे संपता संपता राऊटर प्लेटसकट वर काढा. कॉलेट काढून ब्रशने आणि थोड्या केरोसिनने साफ करा, कोरडी पुसा, पण आत तेल ठेवू नका. तेलकट कॉलेट बिट सोडते. बिटांना मात्र यंत्राच्या पातळ तेलाचं बोट फिरवा आणि झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. टेबलावर मेणाचा पातळ हात द्या आणि घासून चकचकीत करा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि लाकडाला डाग देतं. सिलिकॉनचा स्प्रेही नको, पुढे त्या लाकडावर पॉलिश धरत नाही.

पावसात मशीन लावायचंच असेल तर लाकडाचं बघा. जुलैत मारलेली जीभ-खाच घट्ट बसली तर ती जानेवारीत सैल होणार, आणि जानेवारीत घट्ट बसवलेली जुलैत तक्तपोशी उचलणार. रुंद फळ्यांना पावसाळ्यात जवळजवळ टेकवा, कोरड्या दिवसांत दर सांध्याला दीड-दोन मिमी फट सोडा.

दसऱ्याला हत्यारं पुजायला काढाल तेव्हा तीच दोन फुटी पट्टी आणि तेच कागद घेऊन टेबल पुन्हा मोजा. दोनपर्यंत कागद सरकले तर प्लेटचे स्क्रू जुळवा. तीन किंवा जास्त सरकले तर फळीखाली, खिडकीच्या दोन्ही बाजूंना ५० मिमी उंचीची सागाची उभी पट्टी पुढून मागे बोल्टने आवळा आणि दोन दिवसांनी पुन्हा कागद घाला.